खालापूरचा बंपर आणि कशेळ्यापुढची चढण

रजा टाकून खालापूरला चाललोय म्हटल्यावर आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या मास्तरांनी विचारलं, "तिथं काय आहे?" मी म्हणालो, "बंपर." त्यावर कुणी हसलं, कुणी डोक्याला हात लावला. माथेरानला जाणारा माणूस त्यांना कळतो, खंडाळ्याला जाणाराही कळतो. पण सांगलीतल्या तांत्रिक शाळेचा ड्रॉइंग मास्तर ऐन नवरात्रात जीपचा बंपर करून घ्यायला रायगडात जातो, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. न पडू दे! त्या पाच दिवसांत जी मजा आली ती मला दहा माथेरानांत आली नसती, म्हणून लिहितोय.

कारण आधी सांगतो. माझी धाकटी बहीण सुमन नर्स आहे. कर्जतजवळच्या कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. एक खोली, एक कपाट, एक खाट आणि सुमन. संस्थेनं तिला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप दिली होती. ती जीप सुमन स्वतः चालवते, आणि माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मी इथं एकदाच कबूल करतो. श्रावणात ही जीप वाडीच्या चढणीवर चिखलात रुतली ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आतल्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं आणि पोरांसाठी आणलेल्या लशी सगळ्या वाया गेल्या. संस्थेचे चिटणीस मुंबईला असतात. त्यांचं पत्र आलं: दसऱ्याला मी स्वतः जीपमधून वर येतो. गाडी चढली तर दवाखाना वर राहील, नाही चढली तर कपाट खाली कशेळ्याला आणायचं.

सुमननं मला पत्रात एवढंच लिहिलं, "दादा, वाडीतल्या बायका सात मैल उतरून खाली यायच्या नाहीत. काहीतरी कर."

कर्जत

षष्ठीला दुपारी कर्जतला उतरलो. बाजूच्या रुळावर पुण्याकडं निघालेल्या गाडीला मागून इंजिन जोडत होते. घाट चढवायला इथं प्रत्येक गाडीला मागून ढकलणारं इंजिन लागतं. मी म्हटलं, वा! रेल्वेला जर मागून ढकलणारं लागतं, तर माझ्या बहिणीच्या जीपला पुढून ओढणारं का नको? मला इतकं स्फुरण चढलं की पेटी खांद्यावर घेऊनच मी जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीवर सपशेल आपटलो. कोपर फुटलं, पण बगलेतली नळी मी सोडली नाही. नळीत माझा नकाशा होता.

नकाशा बंपरचा. जीपच्या नाकाशी विंच बसवायचा, म्हणजे लोखंडी दोर गुंडाळायचा दातेरी चाकांचा रहाट. दोराचं टोक पुढं बांधायचं, हँडल फिरवायचं, की जीप स्वतःच स्वतःला ओढून घेते. पण तो विंच पेलायचा कुणी? पत्र्याच्या मूळ बंपरच्यानं ते व्हायचं नाही, त्याला वेगळा भक्कम बंपर लागतो. तो मी तीन रात्री जागून काढला होता. गोल नळीचा, दोन्ही टोकांना डौलदार बाक, मध्ये विंचची बैठक. कागदावर असा देखणा दिसत होता म्हणता!

सुमन जीप घेऊन स्टेशनबाहेर उभी होती. नकाशा बघून ती म्हणाली, "दादा, छान आहे रे. पण हा मोराचा आहे की जीपचा?" मी तिच्याशी खालापूरपर्यंत बोललो नाही.

खालापूर

विंच कुठला ते आधीच ठरलेलं होतं. खालापूरला गंगाराम नाखवा नावाच्या गृहस्थाचं वेल्डिंगचं शेड आहे, त्याच्याकडं मोडीत निघालेल्या लाँचचा हाताचा विंच आहे, एवढं सुमनला कळलं होतं. शेड कुठं ते माहीत नव्हतं. सप्तमीला सकाळी मी तालुका कचेरीसमोर एका म्हाताऱ्या शिपायाला गाठलं. म्हटलं, "विंचसाठी आलोय, कुठं जाऊ?" त्यानं दचकून माझ्या पायाकडं बघितलं. "विंचू? कुठं चावला? आदी बसा तुमी! ए, पानी आन गं कोनतरी!" मला बाकावर बसवलं, चप्पल काढली, एकजण धोतराची चिंधी घेऊन पोटरीला आवळायला आला. "अहो विंचू नाही, विंच!" म्हणून मी बोंबलतोय, आणि तो म्हणतोय, "चढलं वाटतं डोक्यात, बडबडाय लागले." सुमन जीपमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. सख्खी बहीण!

नाखवाचं शेड रस्त्यापासून जरा आत, ओढ्याकाठी होतं. हा माणूस समुद्राकाठचा कोळी. उभी हयात गोदीत आणि लाँचवर फिटर म्हणून काढली. बायको खालापूरकडची, म्हणून म्हातारपणी इथं आला. साठीचा, काळा कुळकुळीत, दंड माझ्या मांडीएवढा. समुद्र सुटला तरी त्याच्या तोंडातून सुटला नव्हता. दोर तो दोन हात पसरून वावांत मोजायचा, जीपच्या तोंडाला होडीसारखं नाळ म्हणायचा आणि ओढ्याला पूर आला की म्हणायचा भरती आली.

त्यानं माझा नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, मग म्हणाला, "मास्तर, चित्र झ्याक हाय. घरात लावा."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! वीस वर्षं पोरांना यंत्ररेखन शिकवतोय मी. म्हटलं, "काय चुकलंय ते सांगा."

"चुकलं काय बी नाय. पन दोर वडल तवा ही नळी वाकंल. इथं लोखंडी पन्हळीवानी चॅनल पायजे, जाडजूड. आनि बंपर पत्र्याला नाय, चासीच्या दोन दांड्यांना बोल्टानं आवळाचा. वडायचं काम नाकानं नाय करायचं रं, हाडानं करायचं."

"नाही वाकणार," मी म्हणालो. "मी हिशेब केलाय."

"मंग करू तुमचाच," नाखवा शांतपणे म्हणाला आणि त्यानं नळी कापायला घेतली. एक शब्द वाद घातला नाही. तिथंच मला ओळखायला हवं होतं.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि ताकाची कढी. आम्ही ज्वारीचे लोक. ही पांढरीशुभ्र, कागदासारखी घडी होणारी भाकरी बघून मला वाटलं ही भूक भागवणार कशी? पाच खाल्ल्या. बिरड्यातला एकेक वाल सोलून घेतलेला, नारळात शिजवलेला. नाखवाची बायको लक्ष्मीबाई वाढताना म्हणाली, "तुमच्याकडं वाल नाय? मंग खाता काय तुमी?" सांगलीवरचा हा हल्ला मी मूग गिळून सोसला, कारण तोंडात पाचव्या भाकरीचा घास होता.

संध्याकाळी माझा बंपर तयार झाला. काय दिसत होता! सुमनसुद्धा भोवती दोन फेऱ्या मारून आली. जीप ओढ्याच्या काठावर उतरवली, दोर समोरच्या करंजाच्या खोडाला बांधला. बांधण्याआधी नाखवानं खोडाला गोणपाट गुंडाळलं. म्हणाला, "झाडाची साल कापली की झाड जाईल." मी हँडल धरलं. चार फेरे झाले, दोर ताठ झाला, जीप जागची हलली. "बघा!" मी ओरडलो. पाचव्या फेऱ्याला कर्रर्र आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो डौलदार बंपर मधोमध दुमडून खाली तोंड करून बसला. नाखवा हसला नाही. त्यानं फक्त दुसऱ्या दिवशीसाठी चॅनल काढून ठेवलं. ते आधीच मापानं कापून ठेवलेलं होतं!

अष्टमी

दुसऱ्या दिवशी मी नकाशा काढलाच नाही. चॅनल धरायला, ठिणग्या उडताना तोंड फिरवायला आणि चहा सांगायला मी होतो. आणि खरं सांगतो, मला लाज वाटायच्या ऐवजी मजा यायला लागली. नाखवा मापपट्टी वापरतच नव्हता. अंगठा टेकवायचा, डोळा मिटायचा, "दोन सूत जास्त हाय" म्हणायचा आणि मी पट्टी लावून बघितलं की पाव इंच, म्हणजे दोन सूतच जास्त! चॅनलच्या पोटात आडव्या पट्ट्या, विंचखाली जाड प्लेट, दोर जिथून बाहेर येतो तिथं दोन उभे आणि दोन आडवे फिरते रूळ, म्हणजे दोर तिरका गेला तरी कापला जायला नको. हा बंपर माझ्या बंपरच्या निम्माही देखणा नव्हता. गुरांच्या गव्हाणीसारखा दिसत होता. पण त्यावर मी उभा राहून नाचलो तरी केसभर हलला नाही. खरोखर नाचलो, लक्ष्मीबाई साक्षीला आहेत.

चासीला चार भोकं पाडायची तेवढी राहिली आणि वीज गेली. हस्ताचा पाऊस गडगडत आला, शेडच्या पत्र्यावर असा तडतडला की बोललेलं ऐकू येईना. वीज काही आली नाही. दिवे लागायच्या आत नाखवानं हत्यारं गोळा केली, फडक्यानं पुसली आणि फळीवर मांडली.

"अहो, चार भोकं!" मी म्हणालो.

"हत्यारं पूजेला बसली. उंद्या खंडेनवमी. उंद्या हत्यार उचलायचं नाय."

"परवा दसरा! परवा सकाळी दहाला चिटणीस कशेळ्याला उतरणार!"

"मास्तर, वरीसभर ही मला पोसतात. एक दिस त्यांचा." एवढं बोलून तो घरात गेला. सुमन जीपच्या उघड्या नाकाकडं बघत उभी राहिली. तिला वाडीतलं ते कपाट दिसत असणार, हे मला न सांगता कळलं.

खंडेनवमी

आमच्याकडं खंडेनवमीला तलवारी काढतात, ज्यांच्याकडं आहेत ते. बाकीचे वह्या-पुस्तकं पुजतात. इथं शेडमध्ये वेल्डिंगची काच, हातोड्या, पाने, घण सगळे ओळीनं, कुंकू लावलेले, झेंडू वाहिलेला. आणि दाराला भाताच्या ताज्या लोंब्या. आमच्या ज्वारीच्या मुलखात दाराला धान्य बांधायची ही रीत नाही, मला ती फार आवडली. मी मात्र पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होतो. दोनदा हातड्रिलकडं हात गेला आणि दोनदा लक्ष्मीबाई खाकरल्या.

दुपारी त्यांनी बंपरलाही हळदकुंकू लावलं, विंचला हार घातला आणि सुमनला म्हणाल्या, "गं बाय, तू नको काळजी करू. तो पाटंचा उठल तुझ्यासाटी."

तो उठला. दसऱ्याला पहाटे, कोंबडा आरवायच्या आत, ड्रिलच्या कुरकुरीनं मला जाग आली. नाखवा जीपखाली उताणा पडून हातड्रिल छातीला लावून फिरवत होता. चार भोकं, चार बोल्ट. उजाडलं तेव्हा बंपर जीपच्या हाडाला बसलेला होता. मला इतकं भरून आलं की मी त्याच्या पायाच पडलो. तो ओरडला, "अरं पाना द्या पाना, पाया काय पडताय!"

कशेळ्याच्या पुढं

चिटणीस वेळेवर आले. पांढरा शर्ट, छत्री, खिशाला पेन, हातात वही. माणूस वाईट नव्हता, पण वहीवाला होता. त्यांनी सुमनला नमस्कार केला, बंपरभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या सीटवर बसले. मागं मी आणि नाखवा. कशेळ्याच्या बाजारात आपट्याचे आणि झेंडूचे ढीग लागले होते, डोंगरातल्या बायका टोपल्या घेऊन उतरत होत्या. दोघीतिघींनी "बाय आली, बाय आली!" म्हणून सुमनला हात केले. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात आणि समोर ढगात बुडालेला डोंगर. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. चिटणिसांकडं बघून आवरलं.

चढण आली. हस्ताच्या पावसानं तिची लापशी केली होती. सुमननं पहिल्या गिअरमध्ये घातली, अर्धी चढवली, आणि श्रावणात रुतली होती त्याच जागी जीप पोटापर्यंत बसली. चिटणिसांनी घड्याळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी उत्साहानं उडी मारली. "हीच तर वेळ!" म्हणालो. दोराचं टोक धरून चिखलातून वर धावलो. आणि थांबलो.

बांधू कशाला?

झाड नव्हतं. उजवीकडं खडा उतार, डावीकडं भाताची खाचरं, वर नुसतं गवत. पहिलं झाड दिसत होतं ते तीस वाव लांब, आणि आमचा दोर बारा वावांचा. चार दिवस मी बंपरचा हिशेब केला, सूतसूत मोजलं, आणि दोराचं दुसरं टोक कुठं जाणार हा विचार माझ्या मनाला शिवला नाही! ओढ्याकाठी झाड होतं, म्हणून जगात सगळीकडं झाड असणार. मी तिथंच चिखलात बसलो. सुमन स्टिअरिंग धरून समोर बघत होती. ती रडत नव्हती, तेच मला बघवेना.

नाखवा वर आला, कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "नांगर पायजे होता रं! नांगर असता तर पल्याड टाकला असता आनि बगता बगता वर गेलो असतो!"

डावीकडच्या बांधावर एक शेतकरी विळा घेऊन उभा होता. नाव हिराजी, ते मागून कळलं. त्यानं ऐकलं, विळा कमरेला खोचला आणि पळत सुटला. मला वाटलं, गेला बिचारा आपल्या सणाला.

पावएक तासानं तो परत आला. खांद्यावर लाकडी नांगर! कालच्या पूजेचं कुंकू फाळावर, रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, झेंडूची माळ.

"ह्यो घे नांगर," धापा टाकत तो म्हणाला.

नाखवानं कपाळावर हात मारला. "अरं देवा! ह्यो नाय रं! दर्यातला नांगर बोललो मी! होडीचा! लोखंडी!"

हिराजी गोंधळला. "मला काय ठावं? नांगर बोललास, मी आनला. माज्याकडं ह्योच हाय."

मला अनावर हसू आलं. चिटणीससुद्धा छत्रीआड हसले. एवढ्या चिखलात, सगळं हातचं गेलेलं असताना, आम्ही तिघं-चौघं पोट धरून हसत होतो. नाखवानं हसता हसता फाळाला हात लावला. ढकलून बघितलं. मग माझ्याकडं वळला. "मास्तर, होडीचा नांगर करतो काय?"

"जमिनीत रुततो आणि धरून ठेवतो."

"मंग ह्यो काय करतो?"

मी ताडकन उठलो! हिराजीनं आपल्याच बांधाचा वरचा कोपरा दाखवला. "हितं खणा. खाली मुरूम हाय, घट बसंल." स्वतःच्या भाताच्या बांधावर त्यानं स्वतः जीपमधली कुदळ घातली. कमरेइतका चर खणला, नांगर त्यात आडवा निजवला, फाळ जीपच्या उलट्या अंगाला रुतवला. नाखवानं नांगराच्या पोटाला जीपमधली साखळी घातली आणि वरून दगडमाती चेपली. दोर साखळीला अडकवला. चिटणीस उतरले, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि न सांगता मातीवर येऊन उभे राहिले. वजन तेवढंच!

मी आणि नाखवानं हँडल धरलं. दोर ताठला. माती भेगाळली. नांगर आत कुरकुरला, एक वीतभर सरकला, आणि मग बसला तो बसला. जीपचं नाक हललं. सुमननं गिअर टाकला, चाकं फिरली, चिखल आमच्या तोंडावर उडाला, आणि ती गव्हाण, तो खालापूरचा कुरूप बंपर, चिखल बाजूला सारत वर, वर, वर आला! मी काय ओरडलो ते आठवत नाही. सुमन म्हणते मी "हर हर महादेव" म्हणत होतो आणि नाखवा "वल्हव रं" म्हणत होता.

जीप कडक जमिनीवर उभी राहिली. सुमन उतरली, बॉनेटला पाठ टेकवली आणि आता मात्र पदरानं डोळे पुसले.

चिटणिसांनी वही उघडली. "गाडी चढली, हे मी लिहितो," ते म्हणाले. "पण बाई, प्रामाणिकपणे सांगा. दर खेपेला कोण नांगर आणणार? कोण पुरणार? तोवर बर्फाचं पाणीच होणार ना?"

आम्ही हिराजीकडं बघितलं, कारण तो साखळीचं टोक तेवढं वर ठेवून चरात उरलेली माती लोटत होता.

"अरे, नांगर काढ की आधी," मी म्हणालो.

"कशाला काढू?" त्यानं पायानं माती दाबली. "न्हेमीच लागल बायला. ऱ्हाऊ दे हितंच. मी घडवीन दुसरा आषाढापत्तुर."

चिटणिसांनी वही मिटली आणि पुन्हा सीटवर जाऊन बसले.

"चला बाई," ते म्हणाले. "दवाखाना दाखवा."